पळणारे कोण आणि थांबणारे कोण?

येत्या रविवारी सायंकाळी सहा वाजता आमच्या वस्तीच्या वाचनालयात मुलांना बास्केटबॉलचा एक जुना सामना दाखवण्याचे आम्ही ठरवले आहे. पडदा म्हणून धुतलेली पांढरी चादर, एका तरुण कार्यकर्त्याने मागून आणलेला प्रोजेक्टर आणि बसायला सतरंजी, एवढीच तयारी आहे. सामना १९ मार्च १९६६ चा, अमेरिकेतला. आमचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. चित्रण कृष्णधवल आहे आणि जरा धुरकट आहे. पण त्या चाळीस मिनिटांत जे घडले, ते पाहण्यापूर्वी दोन्ही संघांची ओळख असली तर पाहण्याची गोडी वाढेल, म्हणून हा लेख.

पालकांना एक विनंती. या सामन्याचा निकाल लेखाच्या शेवटी दिला आहे. मुलांना तो आधी कळू नये. तेव्हा हा अंक त्यांच्या हाती सोमवारी द्यावा.

गेल्या आठवड्यात मुलांना आम्ही एवढेच सांगितले होते, की एका संघातले सगळे खेळाडू गोरे आहेत आणि दुसऱ्या संघातून मैदानात उतरणारे पाचही कृष्णवर्णीय आहेत. सातवीतला एक मुलगा लगेच म्हणाला, "मग काय, काळे पळणार, उड्या मारणार आणि गोरे डोकं लावून खेळणार." बाकीची मुले हसली. आम्ही त्याला रागावलो नाही. कारण त्या सामन्याच्या आदल्या दिवशी अमेरिकेतील जाणती म्हणवणारी माणसे जवळजवळ हेच म्हणत होती. बाल्टिमोरच्या एका वर्तमानपत्राच्या क्रीडा वार्ताहराने तर त्या कृष्णवर्णीय संघाला सुसाट धावणारा, दिसेल तिथून चेंडू फेकणारा संघ ठरवले आणि त्यांच्या चेंडूवरील कसबाची तुलना दोरीवरच्या माकडाशी केली. हे छापून आले आणि लोकांनी चहासोबत वाचले.

आता प्रत्यक्षात कोण कसे खेळत होते ते पाहू.

पहिला संघ केंटकी विद्यापीठाचा. प्रशिक्षक अॅडॉल्फ रप, वय ६४, १९३० पासून त्याच जागी. तोपर्यंत त्यांनी चार राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली होती : १९४८, १९४९, १९५१ आणि १९५८. १९६६ चा त्यांचा संघ बुटका होता. सुरुवातीच्या पाचांत ६ फूट ५ इंचांपेक्षा उंच कोणीही नव्हता, म्हणून लोक त्यांना कौतुकाने 'रपचे बुटके' म्हणत. बुटका संघ काय करणार? पळणार. समोरच्याचा नेम चुकला रे चुकला, की चेंडू उचलायचा, दोन-तीन पासांत मैदान ओलांडायचे आणि बचाव उभा राहण्यापूर्वी बास्केट करायची. याला फास्ट ब्रेक म्हणतात. लुई डॅम्पियर आणि पॅट रायली हे त्यांचे नेमबाज. हा संघ देशात पहिल्या क्रमांकावर होता आणि संपूर्ण हंगामात फक्त एकदा हरला होता.

दुसरा संघ टेक्सास वेस्टर्न कॉलेजचा. हे कॉलेज एल पासो शहरात, रिओ ग्रांदे नदीच्या काठी. पलीकडच्या तीरावर मेक्सिको देश. (पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, या कॉलेजचे नाव बदलले. आज ते एल पासो येथील टेक्सास विद्यापीठ म्हणून ओळखले जाते.) प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स, वय ३६. टेक्सासच्या लहान गावांत शाळकरी मुला-मुलींना खेळ शिकवून आणि शाळेची बस चालवून हा माणूस वर आला. एल पासोला नोकरी मिळाली तेव्हा बायकापोरांसह मुलांच्या वसतिगृहात राहिला. हॅस्किन्स स्वतः हेन्री आयबा यांचा चेला. आयबा हे अमेरिकेतील बचावाच्या खेळाचे थोर गुरू. त्यांची शिकवण अशी, की चेंडू आपल्या हातात असेल तोवर घाई नको. चांगली संधी येईपर्यंत पास देत राहायचे, आणि चेंडू समोरच्याकडे गेला की त्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. हॅस्किन्स यांच्या सरावात बचावाचाच मारा असे. सामना परवडला, पण सराव नको, असे त्यांचे खेळाडू म्हणत.

आपल्या वाचकांना कबड्डीवरून हे चटकन कळेल. काही संघ चढाईवर जगतात, काही पकडीवर. चढाईवाल्यांना टाळ्या जास्त मिळतात. पकडीवाल्यांचा खेळ बघताना आपण कुरकुरतो, पण शेवटी गुणफलक बघून गप्प होतो. या सामन्यातला चढाईचा संघ होता गोऱ्या केंटकीचा, आणि पकडीचा, संयमाचा, शिस्तीचा संघ होता तो टेक्सास वेस्टर्नचा. म्हणजे वर्तमानपत्रांनी जे छापले त्याच्या बरोबर उलट.

असे कसे झाले? त्या वार्ताहरांनी टेक्सास वेस्टर्नचा खेळ पाहिला नव्हता, असे म्हणून सुटता येणार नाही. संघ देशात तिसऱ्या क्रमांकावर होता आणि तोही हंगामात एकदाच हरला होता. खेळाकडे बघतानाही त्यांनी पाहिली ती कातडी, आणि खेळ कातडीवरून लिहून काढला. आपल्याला हे नवे नाही. आपल्या पोराने ढोलकी चांगली वाजवली की "तुमच्यात ते असतंच" म्हणतात. त्याच पोराने गणितात पैकीच्या पैकी आणले की "कुठला क्लास लावला होता?" असे विचारतात. आम्ही एका कचेरीत कारकून म्हणून लागलो, तेव्हा आमची पहिली इंग्रजी टिपणी वाचून साहेबांनी ती कोणाकडून लिहून घेतली, असे विचारले होते. टिपणी चांगली होती, म्हणूनच विचारले.

इथे थोडे मागे जावे लागेल, कारण पळण्याच्या खेळाचीही एक हकिकत आहे आणि ती मुलांना सांगण्यासारखी आहे.

बास्केटबॉलचा जन्म १८९१ चा. जेम्स नाइस्मिथ नावाच्या शिक्षकाने मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड गावी तो शोधून काढला. पुढे ते कॅन्सस विद्यापीठात आले. तिथे १९३० च्या दशकात जॉन मॅक्लेंडन नावाचा कृष्णवर्णीय विद्यार्थी त्यांच्याकडे शिकला. मॅक्लेंडनला वर्गात बसता येत होते, पण विद्यापीठाच्या संघात खेळता येत नव्हते. म्हणून तो प्रशिक्षक झाला आणि नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डरहॅमच्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात त्याने फास्ट ब्रेकचा खेळ पद्धतशीर शिकवला. कोणी कुठे धावायचे, किती पासांत चेंडू पोचवायचा, हे सारे आखून. १२ मार्च १९४४ रोजी, रविवारी सकाळी, शहर चर्चमध्ये असताना, त्याच शहरातील ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतील गोरा संघ गुपचूप त्यांच्या व्यायामशाळेत आला. एकत्र खेळणे तेव्हा कायद्याने आणि रूढीने तिथे अशक्य होते. दारे बंद करून सामना झाला. मॅक्लेंडन यांचा संघ ८८-४४ असा जिंकला. नंतर त्याच मुलांनी आपापसांत मिसळून दोन नवे संघ पाडले आणि पुन्हा खेळले! ही गोष्ट जगाला कळली ती पन्नासेक वर्षांनी, १९९६ मध्ये.

हे सांगण्याचे कारण असे. मॅक्लेंडन यांची मुले कृष्णवर्णीय होती आणि पळत होती. हॅस्किन्स यांची मुलेही कृष्णवर्णीय होती आणि थांबून खेळत होती. रप यांची मुले गोरी होती आणि पळत होती. आयबा यांची मुले गोरी होती आणि थांबून खेळत होती. ज्याला जे शिकवले, ते तो खेळला.

आता त्या काळाबद्दल दोन शब्द. केंटकी ज्या गटात खेळत होते, त्या दक्षिणेकडील विद्यापीठांच्या गटात १९६६ पर्यंत एकाही बास्केटबॉल संघाने कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरवला नव्हता. केंटकी विद्यापीठाचा दरवाजा १९४९ मध्ये लायमन जॉन्सन या शिक्षकाने कोर्टात जाऊन उघडला होता, पण वर्गाचा दरवाजा वेगळा आणि मैदानाचा वेगळा. टेक्सास वेस्टर्न मात्र १९५६ पासून कृष्णवर्णीय खेळाडू घेत होते. आपल्या आणि त्यांच्या दुःखाचे नाते बाबासाहेबांनी फार आधी ओळखले होते. त्यांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. त्या पत्राबद्दल स्वतंत्र लिहावे लागेल, इथे नको.

सामना मेरीलँड राज्यातील कॉलेज पार्क येथे, कोल फील्ड हाऊसमध्ये. आदल्या रात्री, १८ मार्चला, दोन उपांत्य सामने झाले. केंटकीने ड्यूकला ८३-७९ असे हरवले. ड्यूक दुसऱ्या क्रमांकाचा संघ, तोही गोराच, आणि पुष्कळांच्या मते खरा अंतिम सामना तिथेच उरकला होता. टेक्सास वेस्टर्नने यूटाला ८५-७८ असे हरवले. यूटाच्या जेरी चेंबर्सने त्या रात्री ३८ गुण केले. त्याला आवरण्यासाठी हॅस्किन्स यांनी जेरी आर्मस्ट्राँग या आपल्या गोऱ्या खेळाडूला पाठवले, आणि त्याने ते काम केले. हे मुद्दाम नोंदवतो, कारण टेक्सास वेस्टर्नच्या बारा जणांत सात कृष्णवर्णीय, चार गोरे आणि एक मेक्सिकन वंशाचा होता. सारे एकत्र राहत, एकत्र प्रवास करत. त्याआधी कॅन्ससविरुद्धचा सामना तर दोन जादा डावांपर्यंत लांबला आणि टेक्सास वेस्टर्नने एका गुणाने, ८१-८० असा, काढला. पहिल्या जादा डावाच्या अखेरीस कॅन्ससच्या जो जो व्हाइटने केलेली बास्केट बाद ठरली होती, कारण पाऊल रेषेवर पडले होते. पाऊल चार इंच आत असते तर हा लेख लिहायला आम्हाला काही कारणच उरले नसते.

रविवारी पडद्यावर काय पाहायचे? पहिली गोष्ट, आजच्या टीव्हीवरील बास्केटबॉलची सवय बाजूला ठेवा. तेव्हा तीन गुणांची रेषा नव्हती. कॉलेजच्या खेळात ती १९८६ मध्ये सगळीकडे लागू झाली. ठरावीक सेकंदांत चेंडू फेकलाच पाहिजे असे घड्याळही नव्हते. ते १९८५ मध्ये आले. त्यामुळे ज्याला थांबायचे आहे, त्याला थांबता येत होते. टेक्सास वेस्टर्नची मुले चेंडू फिरवत राहतील, तेव्हा कंटाळू नका. ती काय शोधत आहेत ते पाहा.

दुसरे, त्यांच्यातला सर्वांत छोटा खेळाडू शोधा. विली वर्सली, न्यूयॉर्कचा, उंची ५ फूट ६ इंच. आपल्या वस्तीतली कितीतरी मुले तेवढी आहेत. नेहमी सुरुवातीच्या पाचांत नेव्हिल शेड हा उंच खेळाडू असे. अंतिम सामन्यात हॅस्किन्स यांनी त्याला बाहेर बसवले आणि वर्सलीला घेतले. म्हणजे बॉबी जो हिल, ऑर्स्टन आर्टिस आणि वर्सली असे तीन गार्ड एकाच वेळी. गार्ड म्हणजे चेंडू खेळवणारे, चपळ पायांचे. केंटकीचा जोर पळण्यात आहे ना, मग पळण्याची वाटच अडवायची, हा त्यामागचा हिशोब. बास्केटखाली डेव्हिड लॅटिन आणि हॅरी फ्लोरनॉय. उंचीच्या खेळात प्रशिक्षकाने मुद्दाम उंची कमी केली. डोके लावून खेळणे म्हणतात ते हेच.

तिसरे, हिलवर नजर ठेवा. ५ फूट १० इंच, डेट्रॉईटच्या बाजूचा. पहिल्या सत्रात निम्मा वेळ गेला असेल, तेव्हा तो काय करतो ते डोळ्यांची पापणी न लववता पाहायचे आहे.

(मुले वाचत असतील तर त्यांनी इथे थांबावे.)

निकाल : टेक्सास वेस्टर्न ७२, केंटकी ६५.

सुरुवातीलाच लॅटिनने पॅट रायलीच्या डोक्यावरून चेंडू रिंगमध्ये दाबला. त्यानंतर काही मिनिटांनी हिलने केंटकीच्या गार्डच्या हातातून चेंडू काढून घेतला आणि एकट्याने जाऊन बास्केट केली. केंटकीने चेंडू पुन्हा खेळात आणला. हिलने दुसऱ्या गार्डच्या हातूनही तो काढून घेतला आणि पुन्हा बास्केट! टॉमी क्रॉन आणि लुई डॅम्पियर हे ते दोघे. देशातल्या सर्वांत सफाईदार संघाचे हे दोन हात, काही सेकंदांत दोनदा रिकामे झाले. त्यानंतर टेक्सास वेस्टर्न एकदाही पिछाडीवर गेले नाही. मध्यंतराला ३४-३१. दुसऱ्या सत्रात केंटकी एका गुणापर्यंत येऊन ठेपले, पण पुढे सरकू शकले नाही. केंटकीचा लॅरी कॉनली तापाने आजारी होता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

आम्ही वाणिज्य शाखेचे. सामना संपला की आमचे लक्ष आकड्यांकडे जाते, आणि या सामन्याचा ताळेबंद तर वाचण्यासारखा आहे. केंटकीने ७० वेळा नेम धरला आणि २७ बास्केट केल्या. टेक्सास वेस्टर्नने फक्त ४९ वेळा नेम धरला आणि २२ केल्या. म्हणजे खुल्या खेळात केंटकीच्या पाच बास्केट जास्त, दहा गुण पुढे. मग हरले कसे? फ्री थ्रोमध्ये. समोरच्याने नियम मोडून अडवले, की रेषेवर एकट्याने उभे राहून, कोणाच्याही अडथळ्याविना चेंडू टाकायचा, प्रत्येकी एक गुण. केंटकीला असे १३ मिळाले, त्यांनी ११ केले. टेक्सास वेस्टर्नला ३४ मिळाले, त्यांनी २८ केले. चेंडू हातात धरून वाट पाहायची, मग बास्केटच्या अगदी जवळ घुसायचे, म्हणजे अडवणाऱ्याला फाऊल केल्याशिवाय गत्यंतर उरत नाही. एवढ्या लोकांसमोर, अंगावर सगळ्यांची नजर असताना ३४ पैकी २८. ज्यांना बेशिस्त, उतावळे म्हणून छापले होते, त्यांचा हा हिशोब. हिलने २० गुण केले, लॅटिनने १६, आर्टिसने १५. त्या रात्री टेक्सास वेस्टर्नकडून सातच जण खेळले, आणि सातही कृष्णवर्णीय होते. पाचही कृष्णवर्णीयांनी सुरुवात करून राष्ट्रीय विजेतेपद जिंकणारा हा पहिला संघ.

स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मात्र विजेत्या संघातल्या कोणाला गेला नाही. तो यूटाच्या चेंबर्सला मिळाला. त्याचा संघ चौथा आला होता. चेंबर्स मोठाच खेळाडू होता, आणि तोही कृष्णवर्णीय, त्यामुळे तक्रार तरी कशी करायची! तरी हिलचे ते दोन हात आठवतात.

पुढे काय झाले ते फारसे गोड नाही. हॅस्किन्स यांना शिव्यांची पत्रे गठ्ठ्यांनी आली. दुसऱ्या बाजूने, या मुलांचा तुम्ही वापर केलात, असेही त्यांना ऐकावे लागले. १९६८ मध्ये एका मोठ्या क्रीडा साप्ताहिकाने लिहिले, की या कॉलेजने कृष्णवर्णीय खेळाडू खेळवले, पण त्यांच्या शिक्षणाची फिकीर केली नाही. आम्हाला हा आरोप खेळाइतकाच महत्त्वाचा वाटतो. पदक घरी आणि पदवी नाही, हे आपल्याकडच्या खेळाडू मुलांच्या आईबापांना समजावून सांगण्याची गरज नाही. हॅस्किन्स स्वतःला सुधारक म्हणवत नसत. माझ्याकडचे उत्तम पाच मी उतरवले, एवढेच त्यांचे म्हणणे असे. १९९९ पर्यंत ते त्याच कॉलेजात शिकवत राहिले आणि २००८ मध्ये वारले. हिल २००२ मध्येच गेला. २००७ मध्ये बास्केटबॉलच्या मानाच्या दालनात सबंध संघाला जागा मिळाली. त्याआधी, २००६ मध्ये, 'ग्लोरी रोड' नावाचा चित्रपट निघाला. तो करमणुकीचा आहे, पण आम्ही मुद्दाम मूळ सामनाच दाखवत आहोत.

केंटकीच्या गटात पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉल खेळाडू मैदानात उतरला तो १९६७-६८ च्या हंगामात, व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा पेरी वॉलेस. रप यांनी आपला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, टॉम पेन, १९६९ मध्ये घेतला. १९७२ मध्ये ते निवृत्त झाले. ते मनाने कसे होते यावर तिकडे अजून वाद चालतो. आम्ही तो सोडवायला बसलेलो नाही.

एक गोष्ट राहिली. जिंकणाऱ्या संघाने रिंगची जाळी कापून आठवण म्हणून न्यायची, अशी तिथली प्रथा आहे. त्यासाठी शिडी आणून ठेवतात. त्या रात्री टेक्सास वेस्टर्नसाठी कोणी शिडी आणलीच नाही. तेव्हा सर्वांत छोट्या वर्सलीला सहकाऱ्याने खांद्यावर उचलून घेतले, आणि त्याने जाळी कापली.

रविवारी सहाला सुरू करू. चादर बांधायला दोघे-तिघे तरुण पाचलाच आले तर बरे होईल.